मागं कोण बसतं?

रफीकभाईकडं तुम्ही गाडी घेऊन गेलात, की तो आधी बॉनेट उघडत नाही. मागचं दार उघडतो, सीटवर हात फिरवतो आणि विचारतो, "मागं कोण बसतं?"

आता आलेला माणूस एसी बंद पडला म्हणून आलेला असतो. उन्हानं त्याचं टाळकं तापलेलं असतं. मागं कोण बसतं याच्याशी ह्याला काय करायचंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. तरी रफीकभाई हटत नाही. "बोला ना साहेब. मागं कोण बसतं?" माणूस म्हणाला, "कुणी नाही, मी एकटाच फिरतो," की रफीकभाई दार लावून टाकतो. "मग काचा उतरवा, फुकटची हवा हाय. सोमवारी या." आणि कुणी म्हणालं, "आई असते, तिला दम्याचा त्रास आहे," की झालं, हातातलं काम टाकून तो त्या गाडीखाली शिरतो.

मुकुंदवाडीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून रफीकभाईचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज. बोर्डावर लिहिलंय, 'फक्त जुन्या गाड्या'. नवी कोरी गाडी कुणी आणली तर तो तिच्याकडं बघतसुद्धा नाही. "हिला कंपनीत न्या, हिचे आईबाप जिवंत हायत," म्हणतो. पंधरा वर्षं मी या माणसाच्या शेजारी काढली. सिल्लोडचा मूळचा, वय पन्नाशीच्या पुढं, बारीक अंगाचा, दाढी अर्धी पांढरी. शर्टाच्या खिशाला पेनासारखा एक लांब थर्मामीटर अडकवलेला असतो. नवीन गिऱ्हाईक त्याला बघून बुचकळ्यात पडतं, की हा मेकॅनिक आहे का कंपाउंडर. तो थर्मामीटर तो गाडीच्या हवेच्या जाळीत खुपसतो आणि डोळे बारीक करून आकडा वाचतो. घरी जाताना थर्मामीटर खिशातच. लग्नाला जाताना पण खिशातच. एका लग्नात त्यानं मंगल कार्यालयाच्या एसीपुढं थर्मामीटर धरून वधूपित्याला सांगितलं होतं, "तुम्हाला फसवलंय." तेव्हापासून त्या घरचं आमंत्रण बंद झालं.

त्याचं एक वाक्य आमच्या गल्लीत पोराटोरांना पाठ आहे. "गॅस संपत नसतो, सांडत असतो." लोकांना वाटतं, पेट्रोलसारखा एसीचा गॅसही वापरून संपतो. दरवर्षी उन्हाळा आला की भरायचा. रफीकभाईला या समजुतीचा इतका राग, की विचारू नका. "अहो साहेब, बंद पाइपात फिरतो तो. जाईल कुठं? कमी झाला म्हंजी कुठंतरी भोक हाय. भोक न बघता भरायचा म्हंजी फुटक्या रांजणात पाणी ओतायचं." आणि भोक सापडल्याशिवाय तो गॅस भरत नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक हातापाया पडो, ओळख सांगो, धमकी देवो. "घाई असल तर समोर बर्फाची गाडी हाय," एवढंच म्हणतो.

बरं, भोक सापडून बुजवलं, तरी सुटका नाही. मग तो पाइपातली सगळी हवा पंपानं ओढून काढतो, नळ्या बंद करतो आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघत बसतो. काटा जागेवरून हलला, तर अजून कुठंतरी गळतंय. बाकीचे मेकॅनिक दहा मिनिटं बघतात. हा दोन तास बघतो, आणि गाडीच्या मालकालाही शेजारी स्टूल टाकून बघायला बसवतो. "पोट रिकामं ठेवायचं, मगच भरवायचं," म्हणतो. मुसलमान गिऱ्हाईक असलं तर सांगतो, गाडीचा रोजा आहे. हिंदू असलं तर सांगतो, एकादशी आहे. एकदा एक जैन शेठ आले होते, त्यांना काय सांगावं म्हणून विचार करत बसला, शेवटी मलाच भिंतीपलीकडून विचारलं, "वहिनी, जैन लोकांचं सगळ्यात कडक कोणतं?"

मी तोंडाची फटकळ. त्याची माझी रोजची जुंपायची. त्याच्या पंपाच्या आवाजानं माझ्या गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, माझ्या गिऱ्हाइकांच्या स्कूटर त्याच्या दारात लागायच्या. पण खरं भांडण आमचं एकदाच झालं होतं, आणि तेही विनोदावरून.

झालं असं, की त्याच्याकडं मयताची गाडी यायची. दवाखान्यातून गावाकडं मयत नेणारी जुनी व्हॅन. ती दारात लागली की रफीकभाई बाकी सगळं सोडून द्यायचा. बाळ-बाळंतीण असलेली गाडीसुद्धा थांबवून ठेवायचा. एकदा भर मे महिन्यात अशीच चार माणसं खोळंबलेली, आणि हा मयताच्या गाडीचा एसी काढून बसलेला. मी दुकानातून ओरडले, "अहो रफीकभाई, मेलेल्या माणसाला कसला उकाडा? तो काय तक्रार करायला येणार आहे?" खोळंबलेली माणसं हसली. रफीकभाई हसला नाही. पाना खाली ठेवून माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मी म्हटलं, गेला उडत. थट्टासुद्धा कळत नाही माणसाला.

ही गोष्ट तिथंच राहिली असती. पण आमच्या ह्यांच्या किडन्या गेल्या.

आमचे हे शाळेत ड्रॉइंगचे सर होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली नव्हती, तोवर डायलिसिस मागं लागलं. मंगळवार आणि शनिवार. सकाळी न्यायचं, दुपारी आणायचं. गाडी आमची जुनी, चालवणारी मी. डायलिसिस झालं की माणूस पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा होतो. त्यात दोन वाजताचं ऊन, बेचाळीस-त्रेचाळीस. ह्यांना ऊन लागलं की उलट्या व्हायच्या, डोळ्यापुढं अंधारी यायची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, उन्हाचं आणू नका, बीपी एकदम खाली जातं, जिवावर बेतेल. ह्यांचा जीव त्या एसीवर होता म्हटलं तरी चालेल. आणि एप्रिल संपता संपता एसी गरम हवा फेकायला लागला.

सोमवारी मी गाडी नेऊन रफीकभाईच्या दारात लावली. "उद्या मंगळवार. आजच्या आज गॅस भरून द्या."

त्यानं मागचं दार उघडलं. "मागं कोण बसतं?"

"तुम्हाला माहीत नाही का कोण बसतं ते? दर मंगळवारी तुमच्याच दारातून नेते ना मी?"

"विचारायची सवय हाय, वहिनी." मग बॉनेट उघडून गेज लावला. "गॅस निम्मा पन नाय. गळतंय. गाडी सोडून जा, चार-पाच दिवस लागतील."

"चार-पाच दिवस? आणि उद्याचं काय?"

"भोक बघितल्याबिगर मी..."

"आग लावा तुमच्या त्या भोकाला!" मी म्हणाले. "माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही मला नियम सांगताय? पंधरा वर्षांचे शेजारी ना आपण? एकदा, फक्त एकदा भरून द्या."

"एकदाच भरला व्हता मी असा," तो म्हणाला. पुढं काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण मी ऐकून घेतलं नाही. तडक गाडी काढली.

जालना रोडवरच्या एका गॅरेजवाल्यानं वीस मिनिटांत गॅस भरून दिला. थंडगार हवा! मंगळवारी हे मागच्या सीटवर चक्क झोपले. येताना मी मुद्दाम रफीकभाईच्या दारात गाडी उभी केली, काचा वर, एसी चालू, पाच मिनिटं तशीच. त्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मला वाटलं, जिरली.

शनिवारी येताना क्रांती चौकाच्या सिग्नलला हवा गरम झाली. बटण फिरवलं, पुन्हा फिरवलं. पुढं गाड्या, मागं गाड्या. आरशात बघितलं, तर ह्यांची मान खांद्यावर पडलेली. हाक मारली, ओ नाही. मी तशीच हॉर्न वाजवत, दिसेल त्याला शिव्या घालत गाडी काढली आणि कशीबशी मुकुंदवाडीला आणली. दुसरं कुठं न्यावं ते डोक्यातच आलं नाही. रफीकभाईच्या दारात ब्रेक दाबला.

तो धावत आला. मागचं दार उघडलं, पण विचारलं काही नाही. ह्यांना दोन्ही हातांवर उचललं, आत कूलरपुढच्या बाकड्यावर झोपवलं, स्वतःचा टॉवेल भिजवून डोक्यावर, गळ्यावर ठेवला, पाय उंच केले. मी डॉक्टरांना फोन लावला. दहा मिनिटांनी ह्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "रफीकभाई, आम्ही एकादशी मोडली हो."

मी रडायला लागले. मला वाटलं होतं, आता हा मला बोलेल. हात दाखवून अवलक्षण केलं होतं मी, ऐकून घ्यायची तयारी होती. तो एवढंच म्हणाला, "गाडी ठेवून जा, वहिनी. मंगळवारी माझ्या दोस्ताची गाडी येईल न्यायला. त्या सोमवारी पन गाडीचंच सांगनार होतो."

मग चार दिवस त्यानं आमची गाडी सोलून ठेवली. साबणाचं पाणी करून एकेक जोड तपासला, काही सापडलं नाही. शेवटी सगळा डॅशबोर्ड उपसला. आत चोरी झाल्यासारखी गाडी दिसत होती. बुधवारी दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "वहिनी! या, या, लवकर या!" मुलगा झाल्यासारखा आवाज. एका गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मशीनमध्ये तसंच टाकून मी पळाले. बादलीतल्या पाण्यात त्यानं गाडीची कूलिंग कॉइल बुडवून धरली होती, आत हवा भरून. "बघा." मला काही दिसेना. "बघत ऱ्हावा." आणि कॉइलच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा निघाला, मोहरीएवढा. मग कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

"एवढंसं?" मी म्हणाले.

"एवढंसंच असतं, वहिनी," तो म्हणाला.

नवी कॉइल बसली. शुक्रवारी दुपारची नमाज करून तो आला आणि काटा बघायला बसला. मालकानं शेजारी बसायचा नियम, म्हणून आमचे हे स्वतः गॅरेजात गेले. दोघं दोन स्टुलांवर, समोर तो गेज. मी दुकानातून अधूनमधून डोकावत होते. रफीकभाई खाली मान घालून काहीतरी बोलत होता आणि हे ऐकत होते. दोन तास काटा जागचा हलला नाही. मग त्यानं गॅस भरला, थर्मामीटर जाळीत घातला आणि ह्यांच्या हातात दिला. "सात," ह्यांनी वाचलं.

संध्याकाळी चहा घेताना हे म्हणाले, "शमीमभाभी कशी गेली, माहितीय का तुला?"

मला एवढंच माहीत होतं, की त्याची बायको आम्ही दुकान घ्यायच्या आधीच वारली होती. हे सांगायला लागले. तेव्हा रफीकभाईनं नवीनच गॅरेज टाकलेलं, तो कामाचा भुकेला. एक मयताची व्हॅन आली. ड्रायव्हर म्हणाला, भोक-बिक बघू नको, गॅस टाक आणि सोड, मागचा काय तक्रार करायला येणार आहे? रफीकभाई हसला आणि तसाच गॅस भरून गाडी सोडली. तीन आठवड्यांनी शमीमभाभी दवाखान्यात वारली, मे महिन्यात, भर दुपारी. सिल्लोडला न्यायला गाडी आली ती तीच व्हॅन. गॅस केव्हाच सांडून गेला होता. सत्तर किलोमीटर तो मागं बायकोजवळ बसून होता, आणि जाळीतून गरम फुफाटा येत होता.

मेलेल्या माणसाला कसला उकाडा, असं मी त्याला भर गल्लीत ओरडून विचारलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली, की त्या संध्याकाळी मी दुकान उघडलं नाही.

हे मात्र हसत म्हणाले, "माझ्या वेळेला गाडी बोलावशील, तर आधी रफीकभाईला काटा बघायला लाव."

"काहीतरी अभद्र बोलू नका," मी म्हणाले.

पुढचे सहा आठवडे एसी तसाच थंड होता. आमचे हेच टिकले नाहीत. जून निम्मा झाला होता, आभाळात ढगाचं नाव नव्हतं. शनिवारी डायलिसिस चालू असतानाच छातीत कळ आली आणि दुपारी बारा वाजता सगळं आटोपलं. आमचं गाव सिल्लोडच्या पुढं. थोरले दीर आले, त्यांनी गाडी ठरवली, गावाकडं फोन केले. मी कुणालाच फोन केला नाही. फक्त रफीकभाईला केला. काय बोलले ते आठवत नाही.

ह्यांना बाहेर आणलं, तेव्हा तो दवाखान्याच्या फाटकाशी स्कूटर लावून व्हॅनजवळ उभा होता. मागचं दार उघडलेलं, थर्मामीटर जाळीत. व्हॅन त्याच्या ओळखीची नव्हती. त्यानं आकडा बघितला आणि स्ट्रेचर हातानं अडवलं. "सव्वीस हाय. आत नका ठेवू अजून. सावलीत थांबा."

दीर आधीच वैतागलेले. "हा कोण? बाजूला व्हा हो."

रफीकभाई त्यांच्याशी बोललाच नाही. गेज लावला, पुढं वाकून बघितलं. "गॅस हाय. पंखा फिरत नाय." वायर सोलली, जोडली, चिकटपट्टी गुंडाळली. मग दवाखान्याच्या नळावरून बादल्या आणून बॉनेटखालची पुढची जाळी धुवायला लागला. कितीतरी दिवसांची धूळ, काळं पाणी वाहत होतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. गावाकडून फोन वाजत होते, लोक ताटकळले होते. दीर ओरडले, "अरे चाललंय काय? मेलेल्या माणसाला कसला उकाडा?"

रफीकभाईचा हात बादलीतच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"थांबा सगळे," मी म्हणाले. तोंडाला पदर होता, तरी मोठ्यानं म्हणाले. "थंड झाल्याशिवाय हे गाडीत बसणार नाहीत. कुणाला घाई असेल त्यानं पुढं जावं."

दीर झाडाखाली जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासानं रफीकभाईनं थर्मामीटर वाचला, मान हलवली आणि स्ट्रेचरला पहिला हात त्यानंच लावला.

पुढं ड्रायव्हर आणि दीर बसले. मागं ह्यांच्या एका बाजूला मी, एका बाजूला रफीकभाई. त्याला कुणी चल म्हणालं नव्हतं. तो बसला आणि दार ओढून घेतलं. अधूनमधून तो जाळीपुढं थर्मामीटर धरायचा आणि "बारा" म्हणायचा. मला म्हणायचा, का ह्यांना म्हणायचा, कोण जाणे.

फुलंब्री मागं पडल्यावर तो म्हणाला, "वहिनी, एक गोष्ट सरांना पन बोललो नव्हतो."

मी बघितलं.

"शमीमला नेताना काचा उघडता येत होत्या. ड्रायव्हर म्हनत पन होता, उघडा म्हनून. मीच नको म्हटलं." तो थर्मामीटर बोटांत फिरवत होता. "म्हटलं, गॅस मी सोता भरलाय. आता येईल थंड हवा, आता येईल. सिल्लोडपर्यंत बंदच ठेवल्या, वहिनी."

मी ह्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. खिडकीबाहेर सगळं पिवळं, रखरखीत होतं. थोड्या वेळानं मीच विचारलं, "आता किती आहे, रफीकभाई?"

त्यानं जाळीपुढं थर्मामीटर धरला, डोळे बारीक करून बघितलं.

"बाराच हाय, वहिनी," तो म्हणाला. "हलला नाय."